पारोळ्याचे तेवीस सेकंद

लीलाधर : …आणि हा पोलंडचा माणूस म्हणतो, सुरुवातीची दीड मिनिटं सोडून द्या. तसं वाजवणारे शंभर सापडतील. गाणं जिथे थांबतं, तिथून पुढे ऐका.

हिलाल : कोठला म्हने?

लीलाधर : पोलंडचा. फार लांब, हिलालभाऊ. आपली दुपार झाली तरी त्यांची अजून सकाळच असते.

हिलाल : आनि त्याले मनी गिटार कोठे ऐकाले भेटनी? बारा वरीस झायात, मी तिले हात लायेल नही. नासीर, तू माले पारोळाथून आठे जळगावले कसाले बलायं ते पहिले सांग. बजारमा तोलकाटा सोडीसन येल शे मी.

नासीर : सांगतो. एस.टी.तून उतरलास तेव्हाच सांगणार होतो, पण स्टँडवरच्या गर्दीत तोंड उघडलं नाही. बस निवांत. हे लीलाधरसर. खाली माझं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान, वर यांचा कॉम्प्युटर क्लास. मागे यांनी आपला टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकला होता. मी हेड साफ केलं आणि आवाज तपासायला आपली ती कॅसेट लावली.

हिलाल : कोनती?

नासीर : वरातीची. तू वाजवलेली.

हिलाल : ती आजून शे तुनाजोडे?

नासीर : आहे.

लीलाधर : मी तेव्हा जिन्यात उभा होतो. असला गिटारचा आवाज मी परदेशी कॅसेटींतसुद्धा ऐकला नव्हता. ऐकतोय तोवर नासीरभाईंनी मधेच खटका दाबला. म्हटलं, पुढे वाजू द्या. तर म्हणाले, पुढे पट्टी खराब आहे. मी चार दिवसांसाठी मागून नेली, घरी पूर्ण ऐकली. पट्टीला काही झालेलं नव्हतं.

हिलाल : मंग?

लीलाधर : मग ती या मशीनवर चढवली. कसं सांगू तुम्हाला… गावात चौकातला फळा असतो ना, येणारा-जाणारा त्यावर काहीबाही लिहितो? तसाच एक फळा इथे आहे, फक्त त्यावर जगभरातले लोक लिहितात. टेलिफोनच्या तारेतून सगळं येतं. मी ज्या फळ्यावर जातो तिथे सगळे गिटारवेडे. कोणाची बोटं जलद, कोणाचा आवाज अस्सल, यावर रोज हमरीतुमरी. कुस्तीच्या फडाबाहेर चालते तशी. दोन तट आहेत. एक बोटवाल्यांचा, एक आवाजवाल्यांचा. मी आवाजवाल्यांत.

हिलाल : बोटे नही तं आवाज कोठला येई?

लीलाधर : हेच ते म्हणतात! तर एकदा एका अमेरिकेतल्या बोटवाल्याने मला विचारलं, तुमच्याकडे लोकांनी विजेची गिटार डोळ्यांनी तरी पाहिली आहे का? डोक्यात तिडीक गेली माझ्या. तुमची दोन मिनिटं त्या फळ्यावर टाकली आणि खाली लिहिलं : पारोळा, जिल्हा जळगाव. लग्नाची वरात. वाजवणारा ठाऊक नाही.

हिलाल : ठाऊक नही? नासीर, तुले बी ठाऊक नही?

नासीर : सर दहा वेळा विचारत होते. मीच सांगितलं नाही.

हिलाल : चांगलं कयं. मनं नाव कसाले पाहिजे त्यासले.

लीलाधर : पाहिजे, हिलालभाऊ. सतरा दिवस झाले, एकशे बारा जणांनी लिहिलंय. भांडण सगळं एकाच गोष्टीवर. गाणं ऐन रंगात थांबतं. बँड गप्प होतो. पावलं ऐकू येतात, एक कुत्रं भुंकतं, आणि मग तार न छेडता गिटार आपोआप गायला लागते. तेवीस सेकंद. एका जपानी बाईने घड्याळ लावून मोजलेत. ती लिहिते, मी रोज कामावर निघण्याआधी एवढेच तेवीस सेकंद ऐकते, आणि मग दार ओढून घेते.

हिलाल : बाई?

लीलाधर : हो. ब्राझीलचा एक जण म्हणतो, हा गिटार घेऊन पावलापावलाने स्पीकरकडे सरकतोय, किती फूट ते मी काढून दाखवतो. दुसरा विचारतो, मागे जो धडधड ताल आहे तो कोणतं वाद्य?

नासीर : जनरेटर.

लीलाधर : तेच तर! त्यावर त्यांनी तीन दिवस घालवले. एक डॉक्टर आपल्या जामनेरचे निघाले, परदेशातच स्थायिक झालेत. त्यांनी फक्त एवढंच लिहिलं की पारोळ्याचं नाव वाचून मला भरीत-भाकरी आठवली. आणि या पोलंडवाल्याचं म्हणणं, हा फार मोठा कलावंत आहे. कुठे वाजवू नये हे ज्याला कळतं, त्यालाच असा आवाज भेटतो.

हिलाल : आनि तो आमेरिकावाला? जेनी तुले डिवचं व्हतं, तो काय म्हनस?

लीलाधर : त्याचं जाऊ द्या.

हिलाल : नही, तो काय म्हनस ते सांग.

लीलाधर : तो म्हणतो, ही कला नाही, हलगर्जीपणा आहे. कोणीतरी आवाज कमी करायला विसरलं. एका माणसाच्या चुकीवर तुम्ही देऊळ बांधताय.

हिलाल : तोच खरं बोली ऱ्हायना. बठ्ठास्मा एक तोच खरा.

लीलाधर : म्हणजे?

हिलाल : लाव ती कॅसेट. मीच आजून ऐकेल नही.

(लीलाधरने स्पीकर चालू केले. क्लॅरिनेट, ढोल, वरातीचा गलका आणि त्या गलक्यावरून रुबाबात चाललेली गिटार. मग सगळं एकदम थांबलं. चपलांचा आवाज, एक कुत्रं, लांबवर जनरेटर. त्यातून एक सूर उठला आणि वाढत गेला. नासीरने ही कॅसेट बारा वर्षांत शेकडो वेळा लावली होती, पण इथून पुढे कधीच नाही. तो टेबलाच्या कडेचा रंग नखाने खरवडत राहिला. शेवटी धप्प झालं आणि सूर तुटला.)

लीलाधर : बघा, ही धप्प. यावरही दोन मतं आहेत.

हिलाल : तो तोतारामभाऊना हात. आमना बँडमास्तर. त्यानी मना गिटारवर थापड मारी, तारा धरी लिध्यात, तवय ते बंद पडनं. मनी गालवरच बसती, पन वरात व्हती म्हनीसन सोडं.

लीलाधर : का पण?

हिलाल : तुमना शहरमा हाई पाळतस का नही माले ठाऊक नही. आमनाकडे वरात निंघनी, आनि रस्तामा दुखनं घर उनं, तं वाजा बंद. कितला बी मोठा घरनं लगीन ऱ्हावो. नवरदेव घोडावर ऱ्हावो नहीतं हत्तीवर. ते घर मांगे पडस तवलूक कोनी कांडी बी आपटत नही.

लीलाधर : आमच्याकडेही पाळतात. म्हणजे त्या दिवशी…

हिलाल : मारोतीना पारपाईन वळनं का भिकुबाईनं घर. तिना पोऱ्या चिंधा, एकोणीस वरीसना, बोरी नदीमा बुडी गया व्हता. चारच दिवस व्हयेल व्हतात. एकुलता एक.

लीलाधर : अरे देवा.

हिलाल : तोतारामभाऊनी काठी वर कयी. बठ्ठा थांबनात. मना आनि नासीरना नेम ठरेल व्हता. मी तळहात तारास्वर दाबी धरू. हाऊ हातगाडीवर बशेल ऱ्हाय, मशीनजोडे. हाऊ आवाजनं बटण खाले करी. मंग मी हात उचलू, आनि घरले हात जोडू. दहा वरीसमा कधी चुकनं नही. त्या दिवस मी आगोदर हात उचलना. नासीरना हात बटणवर जावाना पहिलेच मी नमस्कार कया.

लीलाधर : आणि तारा मोकळ्या सुटल्या.

हिलाल : सुटन्यात. मना डोया मिटेल व्हतात. माले वाटनं, घरमाईन भिकुबाई रडी ऱ्हायनी. मी मनमा म्हनं, रडू दे माय, रड. आनि डोया उघाडात, तं बठ्ठी वरात मनाकडे दखी ऱ्हायनी. ती बी. दारमा उभी.

लीलाधर : ती काही बोलली?

हिलाल : त्या येळे नही. दहावाले मी गयथू तिना घर. पायवर डोकं ठेवं. ती म्हने, तुना दोष नही भाऊ, माले तं वाटनं तो आवाज मनाच घरमाईन उना. इतलंच बोलनी. मारती तं बरं व्हतं.

लीलाधर : आणि तुम्ही गिटार सोडली.

हिलाल : ज्या हातले कोठे थांबानं ते समजत नही, त्या हातमा वाजा कसाले देवो? बजारमा तोलकाटावर लागनू. तठे बरं शे. काटा थांबस तवय हात बी थांबस. आते लिख तुना त्या आमेरिकावालाले, तू म्हनस ते खरं शे. वाजाडनाराना हात चुकना.

नासीर : नका लिहू, सर.

हिलाल : लिहू दे ना. खरंच शे ते.

नासीर : खरं नाही. त्यासाठीच बोलावलं तुला. हे सर परवा म्हणाले, नाव सांगा, मी त्या फळ्यावर नाव टाकतो, वाहवा होईल. मला वाटलं, वाहवा होवो नाही तर शिव्या पडोत, त्या आवाजाखाली तुझं नाव लागण्याआधी तुला खरं कळायला पाहिजे. तुझा हात आधी उचलला नव्हता, हिलाल.

हिलाल : तूच सांगं व्हतं माले. वरात सुटनी, आपुन पानटपरीजोडे उभा व्हतूत, मी तुले इचारं, कसं झायं रे? तू म्हने, तू घाई कयी, हात आगोदर उचलना.

नासीर : खोटं बोललो.

हिलाल : काय?

नासीर : तोतारामभाऊंनी काठी वर केली, तू तारा दाबल्या. मी बटणावर हात ठेवला. तू माझ्याकडे पाहिलंस, मी मान हलवली. मान हलवली म्हणजे झालं, हाच आपला इशारा होता ना? मग तू हात उचलून जोडलेस. तू अगदी बरोबर वेळेला उचललेस.

हिलाल : मान हालनी व्हती, आसं माले बी वाटे, पन तुना शब्द मी खरा माना. आनि बटण?

नासीर : बटणावर हात होता. फिरवलं नाही.

लीलाधर : विसरलात?

नासीर : विसरलो असतो तर बारा वर्षांत एकदा तरी झोप धड लागली असती, सर. हिलाल, तुला ती स्पीकरची पेटी आठवते? भोंगा काढून टाकून मी केलेली?

हिलाल : आठवस. चार जन लागेत उचलाले.

नासीर : बंद पडलेल्या टॉकीजच्या मशीनमधले वॉल्व मी मागून आणले. सहा महिने घरात दुसरं काम नाही. बायको, ताजबी, म्हणायची, या पेटीशीच निकाह लावायचा होता. तेव्हा लोक भांडायचे ना, अमळनेरच्या बँडची गिटार भारी की पारोळ्याची? ते लोक बोटांवरून भांडायचे. तुझी बोटं भारी, हे पोरंटोरंही सांगायची. आवाजाबद्दल कोणी अक्षर काढत नव्हतं. माझ्या कानात लहानपणापासून एक आवाज होता, कुठे ऐकला ठाऊक नाही, कदाचित कुठे ऐकलाच नसेल. भोंगा किंचाळतो. मला बोलणारी पेटी पाहिजे होती. पण वरातीच्या गलक्यात ती कधी ऐकूच आली नाही. ढोल, क्लॅरिनेट, फटाके. पेटी लावल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा सगळं शांत झालं. तू हात जोडलेस. मी बटण फिरवणार, तेवढ्यात तारा हलल्या. तारांनी पेटीला हलवलं, पेटीने तारांना. आणि तो आवाज आला. माझा. जो कानात होता तोच.

हिलाल : आनि तू ऐकत बसना.

नासीर : मी म्हटलं, एक श्वास. मग म्हटलं, अजून एक. समोर भिकुबाई दारात येताना मला दिसली, हिलाल. तुझे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते. तरी मी फिरवलं नाही.

लीलाधर : नासीरभाई…

नासीर : बोलू द्या, सर. पानटपरीपाशी याने विचारलं, तेव्हा माझ्या तोंडातून खोटं निघालं. वाटलं, आठ दिवसांत विसरून जाईल, पुढच्या वरातीत वाजवेल, मग एखाद्या दिवशी हसत हसत सांगून टाकू. पण हा पुढच्या वरातीला आलाच नाही. ज्या दिवशी कळलं की याने गिटार माळ्यावर टाकली, त्याच महिन्यात मी बिऱ्हाड घेऊन जळगावला आलो. लोकांना सांगितलं, इथे धंदा चांगला आहे.

हिलाल : दोनदा भेटना तू माले त्यानंतर. तुनी पोरना निकाहमा मी उन्हू व्हतू. तू मना हातमा सरबत दिधं. आनि माले इचारं, हात काय म्हनस?

नासीर : विचारलं.

हिलाल : मी म्हनं, बरा शे.

नासीर : हो.

हिलाल : तवय सांगता ना.

नासीर : धीर झाला नाही.

हिलाल : मनी आंडेर सासरे गई, तवय तिना वरातमा वाजा लावा नही मी. लोके म्हनेत, बँडवालानी पोर आनि गपचूप वरात. माले भेव वाटे. रस्तामा एखादं घर येई आनि कोनी चुकी जाई… बारा वरीस, नासीर. पोतं काटावर चढावस, आनि मना हातकडे दखस. हाऊच तो हात. हाऊच.

नासीर : मला काही बोल. शिवी दे. उठून जा. मी माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. फक्त हात तुझा स्वच्छ होता, एवढं तुला कळावं.

(लीलाधर पेलाभर पाणी आणून हिलालपुढे धरतो.)

लीलाधर : हिलालभाऊ, पाणी घ्या. …मी काय म्हणतो, हे सगळं पुसून टाकू का फळ्यावरून? मला पुसता येतं. कोणाला पत्ता लागणार नाही.

हिलाल : ती बाई सकायले कामवर जास, ती?

लीलाधर : जपानची? हो, तिने ते तिच्याकडे उतरवून घेतलंय. ते काही पुसलं जाणार नाही.

हिलाल : मंग ऱ्हाऊ दे. तिले लिख.

लीलाधर : काय लिहू?

हिलाल : लिख, का तठे एक घर व्हतं. त्या घरना पोऱ्या चार दिवस पहिले गयेल व्हता, म्हनीसन बठ्ठा थांबनात. त्या पोऱ्यानं नाव चिंधा व्हतं. नाव लिख त्यानं. मायनं बी लिख.

लीलाधर : भिकुबाई. लिहिलं. आणि वाजवणारा? पोलंडवाला विचारून विचारून थकला.

हिलाल : वाजाडनारा कोनी नव्हता. हात जोडेल व्हतात.

लीलाधर : आणि पेटी? ते हमखास विचारतील, असा आवाज कोणत्या मशीनचा.

नासीर : माझं नाव नको.

हिलाल : यानं नाव लिख. पेटी नासीरनी. खरा आवाज व्हता तो, लीलाधरभाऊ. मी डोया मिटीसन ऐकं व्हतं. माले तं बाई रडी ऱ्हायनी आसं वाटनं. आसा आवाज याले भेटना, तं याना हात आडकना. मी आसतू तं मना बी आडकता का काय, देव जाने. पन लबाडी मी नसती करी, नासीर.

नासीर : नसती केलीस.

हिलाल : चारनी एस.टी. शे ना पारोळानी?

नासीर : आहे. मी येतो स्टँडपर्यंत. येऊ का?

हिलाल : दखू. लीलाधरभाऊ, ती परत लाव. पहिलेपाईन.

लीलाधर : परत?

हिलाल : हा. आनि ते स्पीकर नासीरकडे सरकाव.

लीलाधर : …हे घ्या. लागली.

हिलाल : हाई पिठनी गिरणी. दख, पट्टाना आवाज येस. आठे मी दुसरी तार जरा खाले उतारेल व्हती, आठवस?

नासीर : आठवतं. मी ओरडलो होतो तुला.

हिलाल : आते पानटपरी. त्या पोरे नाची ऱ्हायनात तठे. …हाऊ मारोतीना पार. आते वळन.

नासीर : हिलाल…

हिलाल : बटण तुनाकडे शे ना?

नासीर : माझ्याकडेच आहे.

हिलाल : मंग कर खाले. घर उनं.